हे साल इथे कुणी लिहिलं? ज्ञानकोशाचा संपादक वाचताना

माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा वाचताना मॅडमनी एका सालाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि समासात लिहिलं, "हे कुठून आलं?"

साल होतं १८६४. एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्थापनेचं. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. यात एका माणसाचा संबंध आहे आणि त्यांना उघडं पाडायचा माझा हेतू नाही.) तळटीप माझ्याकडे व्यवस्थित होती: वाचनालयाची शतकोत्तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, २०१४, पान ७. छापील पुस्तक, पान क्रमांकासकट. मी जरा फुशारकीनेच ती दाखवली. मॅडम म्हणाल्या, "स्मरणिकेत आहे ते दिसतंय मला. स्मरणिकेत कुठून आलं?"

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीत असलेले बरेच जण मला विचारतात, की संदर्भ म्हणून विकिपीडिया चालतो का. 'नाही' हे उत्तर तुम्हाला कोर्सवर्कमध्ये मिळतंच, आणि तळटीपेपुरतं ते बरोबर आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर एक फार कामाची गोष्ट हातातून निसटते. ती सांगण्याआधी या १८६४चा निकाल लावू.

स्मरणिकेत सालाला काहीच आधार दिलेला नव्हता. वाचनालयाची जुनी दप्तरं वाळवीने खाल्लेली. चिटणीसांना फोन केला तर म्हणाले, "अहो, ते सगळ्यांना माहीतच आहे." मग सहज मराठी विकिपीडियावर त्या गावाचा लेख उघडला. तिथेही तेच साल, आणि संदर्भ म्हणून तीच स्मरणिका. म्हटलं, चला, दोन ठिकाणी आहे म्हणजे ठीक असावं. टॅब बंद करणार तेवढ्यात वर 'इतिहास पहा' असं दिसलं आणि उगाच त्यावर क्लिक केलं.

लेखात आजवर झालेला प्रत्येक बदल तिथे तारीख, वेळ आणि करणाऱ्याच्या सदस्यनावासकट लागलेला असतो. वाचनालयाचं वाक्य लेखात आलं होतं २०११ मध्ये. स्मरणिका छापली गेली २०१४ मध्ये. आणि स्मरणिकेचा संदर्भ लेखात जोडला गेला २०१५ मध्ये. म्हणजे दाखला विधानापेक्षा वयाने लहान होता! दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहिली तर शब्दन् शब्द सारखी. 'प्रतिष्ठित'मधली शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. चिटणीसांना पुन्हा फोन केल्यावर उलगडा झाला. कार्यकारी मंडळातल्या कुणीतरी नेटवर साल पाहिलं, २०१४ला दीडशे भरतात असा हिशेब केला, आणि समारंभ ठरला. लेखावरून स्मरणिका, स्मरणिकेवरून लेख, आणि त्या दोघांवरून माझं दुसरं प्रकरण.

मग मी तो प्रश्न विचारला जो आधीच विचारायला हवा होता. २०११ मध्ये हे वाक्य लिहिलं कुणी आणि का?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. बखर हातात घेतली की आपण आधी विचारतो, लिहिणारा कोण, कुणाच्या सांगण्यावरून लिहितोय, केव्हा लिहितोय. सभासद बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली हे माहीत असलं की तिच्यातली वाक्यं वेगळी ऐकू येतात. पण तोच विद्यार्थी ज्ञानकोश उघडतो तेव्हा हा प्रश्न विसरतो. ज्ञानकोशाचं वाक्य जणू कुणी लिहिलेलंच नसतं, ते आपोआप उगवलेलं असतं! माझंही तसंच झालं होतं.

त्या सदस्याच्या नावावर क्लिक केलं की त्याचं सदस्यपान दिसतं आणि 'योगदान' या दुव्यावर त्याची आजवरची सगळी संपादनं. या सदस्याची तीनशेच्या आसपास होती, आणि जवळजवळ सगळी एकाच तालुक्यातली: गावं, आठवडी बाजार, ओढ्यावरचे बंधारे, जत्रा, देवळं. सदस्यपानावर चार ओळी. टपाल खात्यातून निवृत्त. आवड: आपला तालुका. उद्दिष्ट: तालुक्यातल्या प्रत्येक गावाचं पान असावं आणि आपल्या भागाचा मोठेपणा जगाला कळावा.

एका रुपयाचीही अपेक्षा न ठेवता रात्री जागून हे करणारा माणूस. त्याच्याबद्दल आदर वाटावा असंच हे काम आहे, आणि मला तो वाटतो. पण 'मोठेपणा' हा शब्द मी दोनदा वाचला. कारण शेजारच्या गावातलं वाचनालय १८६५चं आहे, त्याला पक्का कागदोपत्री पुरावा आहे. १८६४ धरलं तर तालुक्यातलं सर्वांत जुनं वाचनालय यांच्या गावचं ठरतं.

फुकट काम करणारा ज्ञानकोशकार ही काही इंटरनेटची पैदास नाही. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये दीद्रो आणि दालांबेर यांनी जो प्रसिद्ध ज्ञानकोश काढला, 'आंसिक्लोपेदी', त्यात दीद्रोचं नाव सगळ्यांना माहीत असतं. नेट-सेटच्या गाइडमध्येही तेच असतं. पण त्या कोशाच्या मजकुराच्या १७ खंडांतल्या (१७५१ ते १७६५) सुमारे ७२ हजार नोंदींपैकी १७ हजारांच्या आसपास एकट्याने लिहिल्या त्या लुई द झोकूर या गृहस्थाने. म्हणजे जवळपास पाव कोश. मोबदला शून्य. उलट हाताखालच्या लेखनिकांचा पगार भागवण्यासाठी त्याने स्वतःचं घर विकलं, आणि ते विकत घेतलं कोशाच्या प्रकाशकानेच! प्रकाशक त्या कोशावर कमावत होता, आणि कोश लिहिणारा घर विकत होता.

झोकूर सरदार घराण्यातला. घराणं मूळचं प्रोटेस्टंट. शिक्षण जिनिव्हा, केंब्रिज आणि लायडन इथे. वैद्यकाची पदवी घेतलेली. वैद्यकाचा एक मोठा लॅटिन कोश त्याने वर्षानुवर्षं खपून तयार केला होता. हस्तलिखित छपाईसाठी अॅमस्टरडॅमला बोटीने पाठवलं आणि बोट बुडाली. प्रत नव्हती. (बॅकअप ठेवा म्हणून मी दर महिन्याला का ओरडते ते कळलं ना?) यानंतर तो दीद्रोच्या कामात आला, आणि १७५९ साली सरकारने कोशाचा परवाना काढून घेतला, दालांबेर संपादकपदावरून बाजूला झाला, बाकीचे लेखक भराभर पांगले, तेव्हाही हा टिकून राहिला. शेवटच्या खंडांमध्ये तर पान उलटलं की त्याचीच सही. सही म्हणजे नोंदीच्या शेवटी दोन अक्षरं, 'डी. जे.' या दोन अक्षरांमुळेच आज अभ्यासक त्याच्या नोंदी वेगळ्या काढून वाचू शकतात.

वेगळ्या काढून वाचल्या की काय दिसतं, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं. त्या कोशात व्यक्तींच्या चरित्रांना स्वतंत्र नोंद द्यायची नाही असा शिरस्ता होता. झोकूरला तर चरित्रांची भारी हौस. मग त्याने पळवाट काढली. भूगोलाच्या नोंदी त्याच्याकडे होत्याच. गावाची नोंद लिहायची आणि तिथे जन्मलेल्या माणसाचं चरित्र आत घालायचं. 'स्ट्रॅटफर्ड' उघडलं की शेक्सपिअर भेटतो. न्यूटन शोधायचा तर त्याच्या जन्मगावाच्या, वूल्सथॉर्पच्या नोंदीत जावं लागतं. गावाबद्दल थोडंसं, मग सगळा न्यूटन. नियम एक सांगतो, संपादकाची आवड दुसरं करून घेते, आणि वाचकाला मात्र वाटतं की कोशाची रचनाच अशी आहे.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. गुलामांच्या व्यापारावरची झोकूरची नोंद त्या काळाच्या मानाने अतिशय ठाम आहे: हा व्यापार धर्म, नीती आणि निसर्गनियम यांच्या विरुद्ध आहे असं ती सांगते. तिचा उल्लेख गुलामगिरीविरोधी विचारांच्या इतिहासात हमखास येतो. पण पुढे संशोधकांनी ताडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की तिच्यातला युक्तिवाद बऱ्याच अंशी जॉर्ज वॉलेस या स्कॉटिश कायदेपंडिताच्या पुस्तकातून उचललेला आहे. आता याला काय म्हणायचं? वाङ्मयचौर्य म्हणून मोकळं होता येईल. माझ्या मते ते फार सोपं उत्तर आहे. संकलन हेच झोकूरचं काम होतं. तो शेकडो पुस्तकांतून उतरवून घेत होता, सतरा हजार नोंदी दुसऱ्या कुठल्या रीतीने होणार? प्रश्न असा विचारावा, की समोर इतकी पुस्तकं पडलेली असताना त्याने नेमकं हेच का उतरवलं? हेतू दिसतो तो निवडीत.

मराठीत याच्या उलट टोकाचं उदाहरण आहे, म्हणजे हेतू अजिबात न लपवणाऱ्या ज्ञानकोशकाराचं. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी, विषय जातिसंस्थेचा इतिहास. (ते पुस्तक १९०९चं. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात डॉ. आंबेडकरांनी केतकरांच्या व्याख्येची दखल घेतली आहे.) परत आल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम काढलं. त्यासाठी लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, वर्गणीदार गोळा केले आणि १९२०च्या दशकात २३ खंड पुरे केले. केतकर काही झोकूरसारखे हौशी नव्हेत. हा त्यांचा व्यवसाय होता, आणि तो चालवताना त्यांची किती ओढाताण झाली ते त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलंय. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात असाल तर जरूर वाचा, बरं वाटतं.

आपल्यासाठी मुद्दा असा. अकारविल्हे नोंदी सुरू होण्याआधी या कोशाला पाच प्रस्तावनाखंड आहेत. पाच! पहिल्याचं नाव 'हिंदुस्थान आणि जग', पुढे वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. 'अ'पासून सुरू करण्याआधी हा माणूस वाचकाला जगाच्या नकाशात त्याची जागा दाखवून घेतोय. मराठी वाचकाने जगाकडे कुठून पाहावं याबद्दल त्याचं एक मत आहे आणि ते तो उघडपणे मांडतोय. म्हणून केतकरांच्या कोशातली जातीविषयीची एखादी नोंद उद्धृत करणार असाल तर लिहिणारा जातिसंस्थेवर प्रबंध लिहिलेला माणूस आहे हे धरूनच करा. ते शोधायला कष्ट पडत नाहीत, सगळं पुढ्यातच आहे.

विकिपीडियावर ते पुढ्यात नसतं. १५ जानेवारी २००१ला इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला तो खरं तर दुसऱ्या एका कोशाला पूरक म्हणून. 'न्यूपीडिया' नावाचा तो कोश तज्ज्ञांकडून लिहून घ्यायचा, सात पायऱ्यांनी तपासायचा असा बेत होता. बंद पडेपर्यंत त्याचे पंचवीसच्या आसपास लेख झाले. विकिपीडियाने दार सगळ्यांना उघडं ठेवलं. १ मे २००३ला मराठी विकिपीडिया आला. लिहिणारा कोण याला महत्त्व नाही, लिहिलेलं तटस्थ हवं आणि पडताळता यायला हवं, हे त्यामागचं तत्त्व. तत्त्व म्हणून ते मला मान्य आहे. पण 'कोण' हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, तो फक्त मागच्या खोलीत जातो. त्या खोलीत काय सापडू शकतं याची दोन उदाहरणं सांगते, दोन्ही जगजाहीर आहेत.

पहिलं चिनी विकिपीडियावरचं. २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत झेमाओ या टोपणनावाच्या एका सदस्येने मध्ययुगीन रशियाच्या इतिहासावर दोनशेहून अधिक लेख लिहिले. राजे, लढाया, तह, काशिन इथली एक चांदीची खाण, तिथल्या गुलामांची बंडं. लेख लांबलचक, तपशीलवार, रशियन ग्रंथांच्या तळटीपांनी भरलेले. सदस्यपानावर लिहिलेलं, की मॉस्को विद्यापीठातून इतिहासात डॉक्टरेट, नवरा रशियन. इतर संपादकांनी त्यांना पदकंही दिली. २०२२ मध्ये एक चिनी कादंबरीकार त्या चांदीच्या खाणीबद्दल आणखी काही मिळतंय का ते शोधत होता. तळटीपांमागे गेला तर ग्रंथात तसं काहीच नाही. खाणही नाही, बंडंही नाहीत. पुढे त्या बाईंनी माफी मागितली: शिक्षण शाळेपर्यंतचं, घर सांभाळते, परदेशी भाषा येत नाहीत, भाषांतराच्या यंत्रावर जे कळलं नाही तिथे कल्पनेने भर घातली, आणि एक खोटं झाकायला पुढची लिहीत गेले.

ही गोष्ट वाचून पहिल्यांदा हसू येतं. मग दहा वर्षं हा आकडा आठवतो. आणि हेही, की पकडणारा विद्यापीठातला इतिहासकार नव्हता. सदस्यपानावर सांगितलेलं उद्दिष्ट हासुद्धा एक दस्तऐवजच असतो. तोही खोटा असू शकतो. त्या पानापेक्षा 'योगदान'ची यादी बोलकी.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण त्यात खोटं बोलणारं कुणीच नाही. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीची सख्खी चुलतबहीण शोभेल अशी स्कॉट्स नावाची भाषा बोलली जाते. तिचाही विकिपीडिया आहे. २०२०च्या ऑगस्टमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्यातले वीस हजारांहून अधिक लेख, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, अमेरिकेतल्या एकाच मुलाने तयार केलेले आहेत आणि त्याला स्कॉट्स येतच नाही. बारा वर्षांचा असताना त्याने सुरुवात केली होती. इंग्रजी लेख घ्यायचा, ऑनलाइन शब्दकोशात बघून शब्दाच्या जागी शब्द ठेवायचा. हेतू? एका लहान भाषेला मदत करावी. सात वर्षं त्याला कुणी अडवलं नाही, कारण अडवायला तिथे फारसं कुणी नव्हतंच. बातमी फुटल्यावर लोकांनी त्याच्यावर शिव्यांचा इतका भडिमार केला की वाचवत नाही. माझा राग त्या पोरावर नाही. ती भाषा येणारे जे हजारो लोक इतकी वर्षं तिकडे फिरकले नाहीत, त्यांनाही थोडा जाब विचारायला हवा. आणि हे लिहिताना मला मराठी विकिपीडिया आठवत नाही असं समजू नका. मोठ्या भाषेत एक लेख पन्नास हातांतून जातो, एकाची आवड दुसऱ्याच्या आवडीवर घासून गुळगुळीत होते. आपल्याकडे एखाद्या तालुक्याचा इतिहास पाच वर्षं एकाच माणसाच्या हातात राहू शकतो.

उलटही घडतं, म्हणजे संपादकाच्या आवडीमुळेच कोश सुधारतो. २ ऑक्टोबर २०१८ला डॉना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. या विषयात ५५ वर्षांनी एका स्त्रीला. त्या दिवशी सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं. त्यांच्यासोबत पुरस्कार मिळालेल्या जेरार मुरू यांचं होतं, आधीपासून. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी आधी कुणीतरी स्ट्रिकलंड यांच्यावर लेख लिहून सादर केला होता. तो पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. परत पाठवणाऱ्याने नियम पाळला. पण ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांनी आणि पुस्तकांनी आधीच कमी लिहिलंय, त्यांना पुरेसे संदर्भ मिळणार कुठून? अभिलेखागारातलं मौन असं अलगद ज्ञानकोशात उतरतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या भौतिकशास्त्रज्ञ जेस वेड यांनी त्याच वर्षी ठरवून स्त्री आणि उपेक्षित समाजांतल्या शास्त्रज्ञांची चरित्रं लिहायला घेतली. आज ती हजाराच्या कितीतरी पुढे गेली आहेत. त्यांचं उद्दिष्ट जाहीर आहे, त्या ते मुलाखतींतून सांगतात. त्यांच्या लेखांवर वादही झाले. ११७ क्रमांकाच्या मूलद्रव्याच्या शोधात सहभागी असलेल्या क्लॅरिस फेल्प्स यांचं पान २०१९ मध्ये उल्लेखनीयतेच्या मुद्द्यावर काढून टाकलं गेलं आणि वर्षभराने परत आलं. या वादाची पानंच्या पानं चर्चा जशीच्या तशी उपलब्ध आहे. विज्ञानाच्या इतिहासात 'महत्त्वाचं कोण' हे कसं ठरतं यावर कुणाला प्रबंध लिहायचा असेल, तर साधनं तयार पडली आहेत.

म्हणून मी म्हणते, की विकिपीडिया संदर्भ म्हणून वापरू नका, पण दप्तर म्हणून जरूर वाचा. मोडी कागद वाचताना मधलं वाक्य कुणी, कधी घुसडलं हे कळावं म्हणून आपण शाई बघतो, वळण बघतो, तर्क लढवतो. इथे ते मिनिटासकट लिहिलेलं आहे. माझी आता सवयच झाली आहे: विधान लेखात कोणत्या तारखेला आलं, दाखला कोणत्या तारखेला जोडला, आणि दाखला म्हणून दिलेलं पुस्तक कोणत्या साली छापलं, या तीन तारखा वहीत एकाखाली एक लिहायच्या. क्रम उलटा दिसला की थांबायचं.

आता १८६४. मॅडमच्या प्रश्नानंतर चार महिन्यांनी मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात, एकत्र बांधलेल्या चोपड्यांच्या गठ्ठ्यात, मला त्या वाचनालयाचा छापील रिपोर्ट सापडला. 'तिसरा वार्षिक रिपोर्ट, सन १८७१.' पहिल्याच परिच्छेदात स्थापनेची तारीख, साल १८६८.

आनंद व्हायला हवा होता. पोटात गोळा आला. कारण गावातली इंग्रजी शाळा १८६७ची. माझ्या प्रकरणाचा मुद्दा असा होता, की या भागात आधी लोकांनी वाचनालयं काढली आणि शाळा मागून आल्या. १८६४ त्यात चपखल बसत होतं. १८६८ने माझी चौदा पानं निकालात काढली. तेव्हा कबूल करायलाच हवं: मी ते साल तपासलं नव्हतं, कारण ते मला हवं होतं. टपाल खात्यातल्या काकांना आपल्या गावचं वाचनालय सर्वांत जुनं हवं होतं आणि मला ते शाळेच्या आधीचं हवं होतं. त्यांनी निदान आपलं उद्दिष्ट सदस्यपानावर लिहून ठेवलं होतं. माझं माझ्या सिनॉप्सिसमध्ये 'गृहीतक' या मथळ्याखाली होतं.

त्यांच्या चर्चापानावर मी निरोप टाकला, रिपोर्टच्या पानाच्या वर्णनासकट. नऊ दिवसांनी उत्तर आलं.

"नमस्कार ताई. हे साल माझ्या वडिलांनी सांगितलेलं. ते वाचनालयाची पुस्तकं बांधून द्यायचे. त्यांना कुणी सांगितलं ते आता विचारता येणार नाही. तुमचा रिपोर्ट खरा असेल. पण तुम्ही आधी कुठे तरी छापून आणा, मग मी बदलतो. इथे तसा नियम आहे."

नियम अगदी तसाच नाही. जुना छापील रिपोर्टही संदर्भ म्हणून चालू शकतो. पण ज्याने साधन शोधलं त्यानेच येऊन रूढ साल खोडावं याला जाणते संपादक बिचकतात, मूळ संशोधन ज्ञानकोशात नको म्हणून. त्यांचं बिचकणं मला पटलं. ज्ञानकोशाने शोधनिबंधाच्या मागे चालावं, पुढे नव्हे. आणि मागे चालायला आधी तो निबंध असायला हवा ना. मी त्यांना लिहिलं, "काका, लिहिते. वेळ लागेल." त्यांनी विचारलं, रिपोर्टात वर्गणीदारांची नावं आहेत का. होती. बेचाळीस नावं. फोटो पाठवला.

निबंध एका त्रैमासिकाकडे गेलाय, अजून कळवलेलं नाही. दुसरं प्रकरण मी नव्याने लिहितेय. वाचनालय आधी की शाळा आधी याऐवजी दोन्हीकडे वर्गणी देणारी माणसं तीच होती का, असा प्रश्न आता घेतलाय, आणि त्या बेचाळीस नावांवरच तो उभा आहे. वाचनालयाच्या दारावर 'स्थापना १८६४' अशी नवी पितळी पाटी आहे, तिचं काय करायचं ते चिटणीस बघतील.

परवा लेखाचा इतिहास पुन्हा उघडला. स्मरणिकेचा संदर्भ काढून टाकलेला आहे. १८६४च्या पुढे बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' असा शिक्का लागलाय. वेळ रात्री ११ वाजून ४२ मिनिटं. लावणारे सदस्य काकाच.